दहावी-बारावीनंतर काय? शिरूर-दौंडच्या मुलामुलींसाठी

दहावी-बारावीचा निकाल लागला की शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या आपल्या वस्त्यांवर पेढे वाटले जातात. विहारात गुणवंतांचा सत्कार होतो, वह्या आणि बाबासाहेबांची प्रतिमा दिली जाते. हे व्हायलाच हवे. पण सत्कार आटोपल्यावर पुढे काय, असे विचारले की बहुतेक घरांतून दोनच उत्तरे येतात. "सायन्सला टाकू" किंवा "कंपनीत लावू." विहाराच्या अभ्यासिकेत या मुलामुलींचे अर्ज भरायला बसताना आम्ही ही दोन उत्तरे इतक्या वेळा ऐकली आहेत की आता त्यावर नीट लिहावे असे वाटले.

कंपनी जवळ आहे, हीच अडचण

इतर जिल्ह्यांतल्या मुलांना काम शोधायला गाव सोडावे लागते. आपल्याकडे उलटे आहे. पुणे-अहिल्यानगर रस्त्याला सणसवाडी, शिक्रापूर, रांजणगाव आणि पुणे-सोलापूर रस्त्याला कुरकुंभ. कंपनीची बस वेशीवर येते. अठरा वर्षे पूर्ण झाली आणि आधार कार्ड हातात असले की ठेकेदार दुसऱ्या दिवशी कामावर घेतो. बारा तासांची पाळी, वर ओव्हरटाइम. पहिल्या महिन्यात घरात जी रक्कम येते ती बापाने शेतमजुरीत एकरकमी कधी पाहिलेली नसते. मग कॉलेजला जाणाऱ्या भावापेक्षा कंपनीत जाणारा भाऊ शहाणा ठरतो.

पुढची गोष्ट दहा वर्षांनी कळते. ठेकेदार बदलतो, ओळखपत्र बदलते, काही महिन्यांनी ब्रेक मिळतो, पुन्हा नव्याने भरती. वय अठ्ठावीस होते, लग्न झालेले असते, पण कामाचे नाव तेच राहते, हेल्पर. आम्ही अशा मुलांना दोष देत नाही. घरात पैसा नसेल तर कोणी काय करावे? पण त्याच कारखान्यात, त्याच गेटमधून आयटीआयचा फिटर जातो, डिप्लोमावाला जातो, रसायनशास्त्राचा पदवीधर प्रयोगशाळेत जातो. त्यांचा पगार, त्यांची सुटी आणि त्यांच्याशी बोलण्याची भाषासुद्धा वेगळी असते. कोण कुठल्या रांगेत उभा राहणार हे बरेचसे दहावी-बारावीनंतरच्या दोन-तीन वर्षांत ठरून जाते.

म्हणून "स्कोप कशाला आहे" असे कोणी विचारले की आम्ही त्यांनाच दोन प्रश्न विचारतो. हा अभ्यासक्रम संपल्यावर त्याच्या पुढे शिकता येते का? आणि पैशाअभावी मध्येच थांबावे लागले तर पुन्हा तिथेच परतता येते का? या दोन्हींची उत्तरे "हो" असतील तर मार्ग घ्यावा, मग त्याला गावात मान असो वा नसो.

परतण्याची सोय किती मोलाची असते, हे बाबासाहेबांच्याच शिक्षणात दिसते. १९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबियाला गेले, १९१६ मध्ये लंडनला. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. पण निघण्यापूर्वी त्यांनी लंडन विद्यापीठाकडून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पूर्ण करण्याची परवानगी घेतली होती. मुंबईत सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी केली, पैसे साठवले, शाहू महाराजांची आणि मित्र नवल भथेना यांची मदत घेतली आणि १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठले. १९२३ साली डी.एस्सी. मिळाली. नोकरी त्यांनीही केली. पण जाताना दार ओढून घेतले नव्हते.

आयटीआय आणि डिप्लोमा यांना कमी लेखू नका

दहावीला साठ-पासष्ट टक्के पडलेल्या मुलाला आग्रहाने अकरावी सायन्सला घालायचे, दोन वर्षांनी तो गणित-फिजिक्समध्ये अडकायचा आणि मग "शिकून काय उपयोग" म्हणत कंपनीच्या बसमध्ये बसायचा. हे आम्ही फार पाहिले. त्या मुलाने दहावीनंतर थेट आयटीआय केले असते तर त्याच दोन वर्षांत हातात प्रमाणपत्र आले असते.

फिटर, इलेक्ट्रिशियन, मशिनिस्ट, वायरमन हे ट्रेड दोन वर्षांचे आहेत. वेल्डर आणि संगणकाचा कोपा एक वर्षाचा. रांजणगावला वाहने आणि घरगुती उपकरणे बनतात, तिथे फिटर-इलेक्ट्रिशियन-मशिनिस्ट चालतो. कुरकुंभला रसायन आणि औषधांचे कारखाने आहेत. तिकडे जायचे असेल तर अटेंडंट ऑपरेटर केमिकल प्लांट नावाचा ट्रेड आहे, तो आपल्या मुलांना बहुधा माहीतच नसतो. हा ट्रेड सगळ्या आयटीआयमध्ये नसतो, म्हणून ऑनलाइन अर्जात विकल्प भरताना फक्त तालुक्याची आयटीआय टाकून थांबू नये. मुलींसाठी आयटीआयमध्ये ३० टक्के जागा राखीव आहेत, तरीही इलेक्ट्रिशियनच्या वर्गात आपल्या मुली दिसत नाहीत.

आयटीआय झाल्यावर १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली अप्रेंटिसशिप करावी. ठेकेदाराकडे थेट जाण्यापेक्षा सुरुवातीला विद्यावेतन कमी मिळते आणि घरचे कुरकुरतात. पण शिकाऊ उमेदवारीचे प्रमाणपत्र आयुष्यभर चालते. दौंडच्या मुलांना हे जास्त लागू आहे, कारण रेल्वे दारात आहे. असिस्टंट लोको पायलटच्या भरतीला दहावीसोबत आयटीआय किंवा इंजिनिअरिंगचा डिप्लोमा लागतो. नुसता बारावी झालेला मुलगा तो अर्ज भरूच शकत नाही. रेल्वेत अप्रेंटिसशिप पूर्ण केलेल्यांसाठी लेव्हल एकच्या भरतीत २० टक्के जागा राखीव ठेवलेल्या आहेत.

आणि पुढचे शिक्षण? दोन वर्षांच्या आयटीआयनंतर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला. म्हणजे आयटीआयमधून सुरू करून इंजिनिअर होता येते, वेळ थोडा जास्त लागतो एवढेच.

दहावी नापास झालेल्यांचे काय, असे पालक हळू आवाजात विचारतात. शिरूर तालुक्यातच पाबळला विज्ञान आश्रम आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग या शास्त्रज्ञाने १९८३ साली तो सुरू केला. तिथे एक वर्षाचा निवासी अभ्यासक्रम आहे. वेल्डिंग-सुतारकाम, वीज, शेती-पशुपालन, घर-आरोग्य असे सगळे हाताने करून शिकवतात. शाळेत न रमलेली मुले तिथे रमतात. बाहेरच्या राज्यांतून लोक ते पाहायला येतात, आणि आपल्या पंचवीस-तीस किलोमीटरवरच्या वस्तीत त्याचे नाव माहीत नसते.

सायन्स, आर्ट्स आणि वकिली

ज्यांना विज्ञान खरोखर आवडते त्यांनी ते घ्यावेच. नीट, जेईई मेन आणि केंद्रीय विद्यापीठांची सीयूईटी या तिन्ही परीक्षा मराठीतून देता येतात. अर्ज भरताना भाषेचा रकाना घाईत इंग्रजी करून टाकला तर नंतर बदलणे अवघड होते. डॉक्टरकीशिवाय नर्सिंग आहे. तीन वर्षांचे जीएनएम, चार वर्षांचे बी.एस्सी. नर्सिंग. या क्षेत्रात मुलींना घराबाहेर पडायला पालक लवकर तयार होतात, हा आमचा अनुभव आहे.

शिरूरचे चांदमल ताराचंद बोरा महाविद्यालय आणि दौंडचे के. जी. कटारिया महाविद्यालय येथे पदवीपर्यंत शिकता येते. "गावातल्या कॉलेजातून बी.ए. करून काय होणार" हा प्रश्न चुकीचा आहे. बी.ए. करताना तीन वर्षांत बाकी काय केले, हे पाहावे. आर्ट्सला फक्त हजेरीपुरता प्रवेश घेऊन कंपनीत जाणारी मुले आहेत. ती ना धड पदवी नीट मिळवतात, ना शिष्यवृत्ती टिकवतात, कारण शिष्यवृत्तीला ७५ टक्के हजेरी लागते. नोकरी अटळच असेल तर नियमित कॉलेजात खोटी हजेरी लावण्यापेक्षा यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात उघडपणे नाव घालावे. नियमित शिकणाऱ्यांसाठी पुणे विद्यापीठाची कमवा आणि शिका योजना आहे, कॉलेजच्या कार्यालयात विचारावे.

वकिलीबद्दल थोडे अधिक बोलायला हवे. १ जानेवारी २०१८ ला कोरेगाव भीमा आणि सणसवाडी परिसरात हिंसाचार झाला. त्यानंतरचे दिवस आठवा. जळालेल्या गाड्यांची नोंद करायची होती, जबाब द्यायचे होते, फिर्यादीत कोणती कलमे लागली ते वाचायचे होते. वस्तीत घोषणा देणारे शंभर होते आणि फिर्याद वाचून समजावणारा एकही सापडत नव्हता. अशी वेळ फक्त मोठ्या दंगलीत येत नाही. रस्त्याचे, पाण्याचे, स्मशानभूमीचे भांडण रोजचे आहे. बारावीनंतर सीईटी देऊन पाच वर्षांचा विधी अभ्यासक्रम करता येतो, त्याला सायन्स-आर्ट्स-कॉमर्स कुठलीही शाखा चालते. ज्या मुलाला किंवा मुलीला वाचायला आणि बोलायला आवडते, तिला आधी बी.ए. मग बघू असे न म्हणता बारावीच्या वर्षीच ही सीईटी द्यायला लावा.

भरतीसाठी धावणारी मुले

दौंडला राज्य राखीव पोलीस दलाचे केंद्र आहे. वर्दी लहानपणापासून डोळ्यांसमोर असते. पहाटे रस्त्यावर धावणारी मुले पाहिली की अभिमान वाटतो आणि काळजीही वाटते. काळजी अशासाठी की बारावीनंतर शिक्षण सोडून चार-पाच वर्षे फक्त भरतीची वाट पाहणारे अनेक आहेत. अकॅडमीची फी घरातले दागिने मोडून भरलेली असते.

पहिली गोष्ट, आधी उंची मोजा. राखीव दलात पुरुषांना किमान १६८ सेंटिमीटर लागते, जिल्हा पोलीस शिपायाला १६५. दोन सेंटिमीटर कमी असताना तीन वर्षे अकॅडमीत काढलेला मुलगा आम्हाला माहीत आहे. फी घेणाऱ्यांनी त्याला कधी मोजलेच नव्हते. दुसरे, राखीव दलाच्या शारीरिक चाचणीचे १०० गुण असतात, त्यातले ५० एकट्या पाच किलोमीटर धावण्याला. लेखी परीक्षाही १०० गुणांची. आपली मुले मैदानात मागे पडत नाहीत, ती गणित-बुद्धिमत्तेत मागे पडतात. धावणे पहाटे दोन तासांचे काम आहे. उरलेल्या दिवसात पदवी होऊ शकते, आणि पदवी असली की फौजदाराच्या परीक्षेपासून पुढच्या सगळ्या परीक्षा खुल्या राहतात. बार्टीकडून स्पर्धा परीक्षांचे मोफत प्रशिक्षण मिळते, त्याच्या जाहिराती संकेतस्थळावर येतात.

आपले कागद

आता सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात महत्त्वाचा भाग. गुण असूनही जागा हुकते ती बहुधा इथे.

महाराष्ट्राने राज्याच्या सवलती नवबौद्धांना राज्य स्थापनेपासून, म्हणजे १९६० पासून दिल्या. केंद्राने मात्र १९९० साली कायदा दुरुस्त करून बौद्धांना अनुसूचित जातींच्या आदेशात घेतले. केंद्राच्या यादीत "नवबौद्ध" नावाची जात नाही. यादीत महार वगैरे मूळ जातीचे नाव आहे, आणि ती व्यक्ती बौद्ध असली तरी १९९० पासून तिचा हक्क कायम राहतो. म्हणून केंद्रीय विद्यापीठे, नीटचा अखिल भारतीय कोटा, रेल्वे, बँक यांसाठी केंद्राच्या नमुन्यातला वेगळा जात दाखला काढावा लागतो. राज्याचा दाखला दाखवला आणि कागदपत्र तपासणीत बाद झाले, असे दरवर्षी घडते.

इथे एक जुना वाद आपल्या घरांत होतो. आम्ही बौद्ध झालो, मग पुन्हा महार म्हणून का लिहायचे? हा प्रश्न विचारणाऱ्या तरुणाचा आम्हाला आदरच वाटतो. पण दाखला ही ओळख नाही. ज्या जातीमुळे पिढ्यान्‌पिढ्या नाकारले गेले त्याची ती सरकारी नोंद आहे, आणि त्या नोंदीवरच घटनेने दिलेला हक्क उभा आहे. शाळेच्या दाखल्यावर धर्म बौद्ध राहू द्या, जात दाखल्यावर मूळ जातीचा उल्लेख येऊ द्या. दोन्हींत विरोध नाही.

जात सिद्ध करायला अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. वडील शिकलेले असतात, आजोबा बहुधा नाहीत, मग शाळेचा उतारा कुठून आणणार? तेव्हा तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद शोधावी. त्यात आजोबा-पणजोबांच्या नावापुढे जात लिहिलेली असते. महार वतनाच्या जमिनीचे जुने उतारे आणि फेरफारही चालतात. ज्या वतनातून सुटण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक आणले, त्याच वतनाचा कागद आज पणतूच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशाला उपयोगी पडतो! आडनाव बदललेले असेल, कुठे आडनावच नसेल, तर वंशावळ आणि प्रतिज्ञापत्र जोडावे लागते.

जात दाखला प्रांत कार्यालयातून मिळतो, अर्ज सेतू किंवा आपले सरकार पोर्टलवरून. त्यानंतर जात पडताळणी. व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या राखीव जागेसाठी ही वैधता लागते, आणि अर्ज कॉलेजच्या पत्रासह जिल्हा समितीकडे जातो. वडील, काका, आत्या किंवा सख्ख्या भावंडांपैकी कोणाची वैधता झालेली असेल तर ते प्रमाणपत्र आधी मिळवा, काम फार सोपे होते. अर्ज अकरावीतच करा. बारावीच्या निकालानंतर धावाधाव करून शासन मुदतवाढ देईल या भरवशावर राहू नका. ती मिळतेच असे नाही. आणि कोणी नॉन-क्रिमीलेअर मागितले तर नम्रपणे सांगा, अनुसूचित जातीला ते लागत नाही.

पैसा आणि प्रवास

मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ मध्ये सुरू झाली. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना बाबासाहेबांनी तिचा पाठपुरावा केला होता. आज ती महाडीबीटी पोर्टलवरून मिळते, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असावे लागते. उत्पन्न त्याहून जास्त असेल तर फ्रीशिप आहे, तिच्यात शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ होते. दोन्हींसाठी व्यावसायिक अभ्यासक्रमाचा प्रवेश कॅप राउंडमधून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून जागा घेतली की हे सगळे गेले. एजंट हे सांगत नाही.

शिष्यवृत्तीत केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या आधार जोडलेल्या खात्यावर येतो, आणि त्यात कॉलेजची फीसुद्धा असते. घरी वाटते मुलाला खर्चाला पैसे आले. ते खर्च होतात, कॉलेज फी मागते, शेवटी दाखला अडतो. खात्यावर रक्कम आली की आधी कॉलेजच्या कार्यालयात जाऊन त्यातला फीचा भाग किती ते विचारा.

पुण्यात शिकायचे तर राहण्याचा खर्च मोठा. आधी समाजकल्याणच्या वसतिगृहाला अर्ज करावा. तिथे जागा मिळाली नाही तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६० हजार रुपये मिळतात, त्यात भोजनाला ३२ हजार, निवासाला २० हजार आणि निर्वाहाला ८ हजार. उत्पन्नाची आणि गुणांची अट आहे. पैसे उशिरा येतात, म्हणून पहिल्या चार-सहा महिन्यांची सोय आधी करून ठेवावी लागते. यासाठी विहार समित्यांनी सत्काराच्या ट्रॉफ्यांचा खर्च वळवला तर बरे होईल, असे आम्ही दोन्ही तालुक्यांत सुचवले आहे.

रोज ये-जा करणाऱ्यांत दौंडकर नशीबवान, त्यांना पुण्याची रेल्वे आहे. घर ते शिक्षणसंस्था असा रेल्वेचा दुसऱ्या वर्गाचा पास मुलींना पदवीपर्यंत आणि मुलांना बारावीपर्यंत मोफत मिळतो. शिरूरला रेल्वे नाही, सगळी भिस्त एसटीवर. ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे, इतर विद्यार्थ्यांना तिकिटाच्या एक तृतीयांश पैशात पास मिळतो. न्हावरा, मांडवगण या बाजूच्या मुलींचे शिक्षण शेवटच्या गाडीच्या वेळेवर अवलंबून असते. गाडी रद्द झाली की दोन दिवसांनी बाप म्हणतो, राहू दे आता. अशा वेळी आगाराला निवेदन देणे हे आपल्या तरुण मंडळांचे काम आहे, आणि ते जयंतीच्या डीजेपेक्षा स्वस्त पडते.

२०२५ पासून अकरावीचा प्रवेशही राज्यभर ऑनलाइन झाला आहे. त्यामुळे दहावीच्या परीक्षेनंतरच्या सुटीतच जात दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, आधार जोडलेले बँक खाते आणि स्वतःचा चालू मोबाइल नंबर एवढे तयार ठेवा. मोबाइल नंबर सायबर कॅफेवाल्याचा देऊ नका. ओटीपी त्याच्याकडे जातो आणि पुढच्या फेरीच्या दिवशी त्याचे दुकान बंद असते.